वाढलेला दागिना

माझ्या आजीचा तन्मणी दर दोन-तीन वर्षांनी वाढायचा. तुटायचा असे लिहायला हवे, पण आमच्या घरात दागिन्याच्या बाबतीत तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. बांगडी वाढली, पोत वाढली, देवापुढचा नारळसुद्धा वाढवला जायचा. फुटणे आणि तुटणे ही क्रियापदे कपबशा आणि चपलांच्या अंगठ्यांसाठी राखून ठेवलेली होती. तन्मणी वाढला की आजी सतरंजीच्या घड्यांतून आणि कपाटाखालून मोती गोळा करी, ते स्टीलच्या ताटलीत दोनदा मोजी, रुमालात बांधी आणि शाळेला सुट्टी असेल तर मला बरोबर घेऊन पुण्याच्या रविवार पेठेतल्या, दागिने ओवून देणाऱ्या एका पटवेकऱ्यांकडे जाई.

त्यांचे दुकान म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या वर एक गादी आणि भिंतीला टांगलेल्या रेशमाच्या लडी. काका नेहमी एक पाय लांब करून बसत, कारण त्या पायाचा अंगठा हे त्यांचे मुख्य हत्यार होते. रेशमाचा पदर अंगठ्याला अडकवला की हवा तेवढा ताण देता येई आणि दोन्ही हात ओवायला मोकळे राहत. आजी समोरच्या बाकावर काम संपेपर्यंत बसून राही. काकांवर अविश्वास होता असे नाही; पण मोती नजरेआड करायचे नाहीत हा तिच्या आईने घालून दिलेला नियम होता आणि काकांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. तेही मोजून घेत आणि मोजून देत. पदर ओवून झाले की मधले खोड, म्हणजे तन्मण्याचे खड्यांचे पदक, जागेवर बसे. मग सगळे पदर मागे एकत्र घेऊन त्यांवर कलाबतूचे, म्हणजे जरीच्या दोऱ्याचे, वेढे पडत, आणि शेवटी गोंडा आणि मागेपुढे सरकणारा सरफासा. काम हातात आले की आजी विचारी, "किती झाले?" काका दरवेळी म्हणत, "दोऱ्याचे द्या." मजुरी ते घेतच होते, पण तिचे नाव काढत नसत.

या कामाला 'गाठवणे' म्हणतात. दागिना घडवतात, मोडतात, गहाण टाकतात आणि गाठवतात. यातले गाठवणे हे एकच काम असे, की ज्यासाठी दागिना पुन्हा पुन्हा त्याच माणसाकडे जातो. मोती ओवलेले रेशीम घामाने, अत्तराने आणि मानेवर घासून झिजते, आणि ते झिजणार हे ओवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून जपून ओवणारा दोन मोत्यांमध्ये गाठ मारतो. त्या गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर एखादा मोती घरंगळतो, बाकीचे जागेवर राहतात. दागिना वाढणार हे गृहीत धरूनच तो बांधलेला असतो. आजीच्या तोंडचा शब्द अशुभ टाळण्यासाठी आला होता हे मला कळते, पण त्या दुकानात बसून मला तो शब्दशः खरा वाटे: तन्मणी तिथून परतताना खरोखरच थोडा ताजा होऊन येत असे.

हे सगळे आठवायला मला वयाची चाळिशी आणि वाया गेलेले कानातल्यांचे चाळीस जोड लागले. नऊ वर्षांपूर्वी हिशेबाची नोकरी सोडून मी दागिने करायला घेतले. आमच्यासारख्यांना हल्ली स्वतंत्र डिझायनर म्हणतात. मी जेवणाच्या टेबलावर काम करते आणि पोळ्या लाटायच्या आधी तार, पक्कड आणि मोत्यांच्या वाट्या उचलून ठेवते. माझ्या वाट्याला आलेले स्वातंत्र्य एवढेच आहे. सुरुवात मी खणाच्या कानातल्यांनी केली. खण स्वस्त, रंग देखणे, आणि ओटी भरताना मिळालेले त्रिकोणी खण प्रत्येक घरात पडून असतातच. शिवाय कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चोळीसाठी वापरला आहे, त्यामुळे ते कापड नव्या रूपात पाहून गिऱ्हाईक हरखते. मी लाकडी चकत्यांवर खण चिकटवला, कडेला जरीची किनार चिकटवली, मागे आकडा चिकटवला आणि गणपतीच्या आधी भरलेल्या एका प्रदर्शनात चाळीसच्या चाळीस जोड विकून घरी आले. त्या वर्षी पाऊस गणपतीतही थांबला नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत माझ्या फोनवर सुटलेल्या किनारींची आणि पोपडे निघालेल्या चकत्यांची छायाचित्रे येऊ लागली. मी सगळ्यांचे पैसे परत केले, पण पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली होती. एका बाईंनी अगदी सौम्यपणे विचारले होते, "दुरुस्त करून द्याल का?" आणि ते शक्य नव्हते. चिकटवलेली गोष्ट उघडता येत नाही. फार तर तिच्यावर आणखी चिकटवता येते.

तेव्हापासून मी डिंक आणि गोंदाच्या ट्यूबा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिल्या आणि फक्त बांधलेले, ओवलेले, वेढा दिलेले दागिने करायचे ठरवले. माझी गाडी नथीवर येऊन थांबली ती यामुळेच, कारण मोत्यांची नथ ही बघायला नाजूक असली तरी घडणीच्या दृष्टीने ती निव्वळ बांधणी आहे. जाड तारेचा एक आकडा वळवायचा, तो तिचा सांगाडा. मग बारीक तारेत एकेक मोती घेऊन त्या सांगाड्याला वेढा देत जायचे. मधोमध गुलाबी किंवा हिरवा खडा, त्याच्या भोवती मोत्यांची फुली, खाली लोंबणारा एखादा मोती. ब्राह्मणी नथीची मोडण वेगळी, कारवारी वेगळी, पण तत्त्व तेच. सगळ्यात अवघड काम शेवटचे: तारेचे उरलेले टोक असे आत वळवून दाबायचे की ते बाहेरून दिसू नये आणि नाकाला टोचू नये. माझ्या पहिल्या वर्षाच्या नथी टोचत असत. मैत्रिणींनी त्या हळदीकुंकवाला तासभर घातल्या आणि मग पर्समध्ये टाकल्या, हे मला फार उशिरा कळले.

तारेने मला आणखी एक धडा दिला. मी पाहिलेल्या सगळ्या शिकवण्या अमेरिकन होत्या आणि त्यांत 28 गेजची तार मोत्यातून दोनदा न्यायला सांगितली होती. गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप. मी बाजारात जाऊन 28 गेजची चांदीची तार आणली आणि संध्याकाळभर मोत्यांशी झटापट केली. पहिला फेरा जाई, दुसऱ्याला तार अडे, जोर केला की मोती तडके. दोष मोत्यांचा म्हणून मी मोती बदलले. शेवटी एका ओतकामाच्या दुकानातल्या कारागिराने मायक्रोमीटर लावून दाखवले. आपल्याकडे तारेचे गेज बहुधा ब्रिटिश मापाने मोजतात, त्या मापात 28 गेज म्हणजे 0.376 मिलिमीटर, अमेरिकन मापात तोच आकडा 0.321 मिलिमीटरचा. माझ्या मोत्यांचे भोक साधारण 0.7 मिलिमीटरचे होते. ब्रिटिश तार दुहेरी झाली की 0.752, ती जाणार कशी? अमेरिकन तार दुहेरी होऊन 0.642, ती आरामात जाते. मी आता दुकानात गेज सांगतच नाही, मिलिमीटर सांगते.

मोत्यांबद्दल बोलायचे तर माझे मोती गोड्या पाण्याचे, चीनमधून येणारे आहेत, आणि हे मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगते. "बसऱ्याचे आहेत का?" हा प्रश्न साठीच्या पुढच्या बायका हमखास करतात. बसरा हे मोत्याचे गाव कधीच नव्हते. मोती निघत ते इराणच्या आखातात, त्यातही बहारीनच्या आसपासच्या समुद्रात, आणि व्यापाराच्या वाटेवरच्या बंदराचे नाव त्यांना चिकटले. ती वाट संपे मुंबईत. आखातातला मोती मुंबईच्या बाजारात निवडला जाई, त्याला भोके पाडली जात आणि मग तो जगभर जाई. मोत्याचा भाव ठरवायला तिथे 'चव' नावाचे माप होते आणि त्याचा हिशेब वजनाच्या वर्गावर चाले, म्हणजे मोती दुप्पट वजनाचा असला तर त्याचा चव चौपट. 1893 साली जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी कालवातून पहिला अर्धगोल संवर्धित, म्हणजे माणसाने मुद्दाम वाढवलेला, मोती काढला, आणि पुढच्या चार दशकांत संवर्धित मोत्यांनी व जागतिक मंदीने मिळून आखाताचा तो धंदा बसवला. आजीच्या तन्मण्यातले मोती त्या जुन्या बाजारातले होते की नव्हते, हे तपासायला आता तो तन्मणी आमच्याकडे नाही. मोती खरा की खोटा हे ती दातावर घासून बघायची. खरा मोती किंचित करकरतो, काच गुळगुळीत सरकते. माझे चिनी मोतीही करकरतात. तेही शिंपल्यातच वाढलेले असतात, फरक एवढाच की वाढवायला माणसाने भाग पाडलेले असते.

हातमागासारखे 'हातदागिने' हा शब्द मराठीत रुळला नाही, त्यामुळे प्रदर्शनांतल्या पाट्यांवर सर्रास 'हँडमेड' असते. या शब्दाबद्दल माझे मत फारसे सरळ नाही. कोल्हापुरी साज घ्या. परंपरेने त्यात एकवीस पाने मानतात. चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख, बेलपान अशा आकारांची पाने आणि दोन पानांमध्ये जवमणी. ही पाने कुणी हाताने कोरत बसत नाही. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पान उठवतात, आणि पोकळ भागात लाख भरतात, म्हणून थोड्या सोन्यात दागिना भरघोस दिसतो आणि मोडायला नेला की सोनार लाखेचे वजन वजा करतो. ठसा हे यंत्रच झाले, फक्त ते हातोडीवर चालते. शिवाय आज पुण्या-मुंबईच्या पेढ्यांमागच्या खोल्यांत 'अस्सल मराठमोळा' म्हणून विकला जाणारा पुष्कळ माल बंगालमधून आलेले कारागीर घडवतात, आणि तो माझ्या किंवा माझ्या ओळखीच्या कुणाच्याही हातच्या कामापेक्षा सरस असतो. तेव्हा वेडेवाकडेपणा हे हाताचे लक्षण आणि सफाई हे यंत्राचे, ही समजूत मला पटत नाही. वेडेवाकडा दागिना हा बहुतेक वेळा शिकाऊ हाताचा असतो. मी हा शिकाऊपणा दोन वर्षे 'रस्टिक' म्हणून विकला आहे, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकते.

मला जो फरक दिसतो तो वेगळ्या ठिकाणी आहे. एखादा दागिना बघताना मी तो उलटा करते. मागची बाजू पाहिली की कळते, हा उघडता येईल की नाही. साजाचे पान तारेच्या कडीने जोडलेले असते, ठुशीचे मणी विणलेले असतात, पोत ओवलेली असते. कुठे हात घालायचा हे त्या कामातच लिहिलेले असते. उलट साच्यातून ओतलेल्या नथीत मोत्यांच्या जागी अर्धे कापलेले मणी खाचांत चिकटवलेले असतात. त्यांतला एक गेला की ती जागा रिकामीच राहते. अशी नथ वाईट असते असे मी म्हणत नाही. तुळशीबागेतून घेतलेल्या तशा दोन नथी माझ्याकडे आहेत आणि पावसाळी लग्नांना मी त्याच घालते. पण त्या वाढत नाहीत, तुटतात.

2025 च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला आणि आमच्या टेबलासमोरची गर्दी बदलली. पूर्वी आमच्याकडे मुली यायच्या, हौसेखातर. आता त्यांच्या आया येतात, आणि लग्नाच्या यादीतला दागिना चांदीवर सोन्याच्या मुलाम्यात करून मिळेल का, असे विचारतात. या बायका चोखंदळ आहेत. त्यांना मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये हवी असते, चांदीवर 925 चा शिक्का हवा असतो, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबे. सोन्याच्या दागिन्याला 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा होत गेला. चांदीला मात्र तो ऐच्छिक आहे, म्हणून माझ्यासारखीच्या बाबतीत शेवटी शब्दावरच भागते. मुलामा उडणार, हेही मी आधीच सांगते. नाकावरच्या दागिन्याला घाम लागतो आणि तिथला मुलामा गळ्यातल्यापेक्षा लवकर फिका पडतो. हे ऐकून काही बायका उठून जातात. ज्या थांबतात त्यांना मी म्हणते, फिकी झाली की घेऊन या, मोती सोडवून पुन्हा मुलामा देऊ.

भावाची घासाघीस हा वेगळाच प्रकार आहे. सतरा मोत्यांच्या एका नथीला मला तीन तास लागतात, डोळे साथ देत असतील तर अडीच. चांदी, मोती, मुलामा आणि प्रदर्शनाच्या टेबलाचे भाडे धरून मी तिचे चौदाशे सांगते. "एवढ्याशा नथीचे?" हे ठरलेले उत्तर आहे, आणि त्यात दुष्टपणा काहीच नाही. आपल्याकडे दागिन्याचा भाव वजनावर ठरतो. तोळा, मासा, गुंज या मापांनी आपली नजर घडली आहे, आणि मजुरी ही सोनाराने मधून काढून घेतलेली गोष्ट वाटते, म्हणून तिच्याबरोबर 'घट' हा शब्दही लगेच तोंडात येतो. वजन नसलेल्या दागिन्यात आहे ती नुसती मजुरीच. आता मला रविवार पेठेतल्या काकांचे ते "दोऱ्याचे द्या" नीट कळते. मजुरी मागितली की भांडण, दोऱ्याचे मागितले की हिशेब. मात्र काका गेले, त्यांच्या मुलाने ती गादी बंद करून तिथे मोबाइलच्या कव्हरांचे दुकान थाटले, आणि यात मुलाला दोष द्यावा असे मला एकदाही वाटलेले नाही. मजुरीचे नाव न घेणे हे सद्गुण म्हणून छान असते, घर त्यावर चालत नाही. मी त्यामुळे चौदाशेच सांगते.

माझी एक नथ दुसऱ्या कुणीतरी हुबेहूब करून विकायला काढली, तेव्हा चार लोकांनी मला नोंदणीचा सल्ला दिला. डिझाइनची नोंदणी करता येते. 2000 सालच्या कायद्याने तिला दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते, पण डिझाइन नवीन हवे. माझ्या नथीत नवीन काय होते? डाव्या बाजूला दोन मोती जास्त. मी तो विषय सोडून दिला. ती दुसरी नथ पुढे एका बाई माझ्याकडेच दुरुस्तीला घेऊन आल्या. उलटी करून पाहिली, तर मोती चिकटवलेले होते.

दुरुस्तीचा माझा नियम साधा आहे. माझ्या हातची वस्तू कितीही वर्षांनी आली तरी मी ती उघडते, फक्त लागलेल्या तारेचे आणि मोत्यांचे पैसे घेते, आणि हे विकतानाच सांगते. नवऱ्याच्या मते हा धंदा नाही, आणि हिशेब मीही लिहिते, त्यामुळे त्याचे म्हणणे मला कळत नाही असे नाही. पण आलेली वस्तू उघडली की जे शिकायला मिळते ते प्रदर्शनात कुणी सांगत नाही. तार कुठे झिजते, वेढा कुठे सैल पडतो, बाई नथ काढताना कोणत्या मोत्याला धरतात. तीन-चार वर्षे नाकावर राहिलेली नथ हे सगळे स्वतः सांगते. आकड्याजवळचा तिसरा वेढा मी आता दुहेरी घेते तो त्यामुळेच.

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या एका मुलीने माझी एक नथ परत आणली. लेन्सच्या डबीत ठेवलेली, दोन मोती गेलेले, मुलामा आकड्यावर पार उडालेला. नथ माझ्या दुसऱ्या वर्षातली होती, हे मी टोकावरून ओळखले. ते बाहेरच्या बाजूला वळवलेले होते आणि सहा वर्षे त्या मुलीला टोचत असणार. मी विचारले, तर ती म्हणाली, "टोचते थोडी, पण मला वाटलं नथ अशीच असते." मी सगळी नथ सोडवली, मोती रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन फडक्यावर मांडले आणि सांगाडा मुलाम्याला पाठवला. डबीत एका कागदाच्या पुडीत तीन सुटे मोती आणखी होते. तिच्या आजीच्या वाढलेल्या चिंचपेटीतले ते उरलेले मोती, आणि गेलेल्या दोघांच्या जागी हे बसवाल का, अशी चिठ्ठी.

दोन बसले. तिसरा बाकीच्यांपेक्षा मोठा आहे, दाण्याच्या एका अंगाला पिवळसर, आणि त्याचे भोक इतके बारीक आहे की माझी अमेरिकन तारसुद्धा एकेरीच जेमतेम जाते. पूर्वी वजन कमी होऊ नये म्हणून भोके अशीच बारीक पाडत. ते मोठे करायला माझा हात धजत नाही. सध्या तो मोती ताटलीत वेगळा ठेवला आहे, आणि रेशमाच्या एका पदराने तो नथीच्या खाली लोंबता येतो का, हे मी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बघते आहे.